मस्कतकर आणि ईदचा पहारा

रोजा सोडायची वेळ व्हायची, फोनमधली बांग संपायची, आमच्या सगळ्यांच्या तोंडात खजूर जायचा, तरी मस्कतकर आपला खजूर दोन बोटांत धरून बसलेले असायचे. दुसऱ्या हातात फोन. तोंड खिडकीकडे, जर्मनीतल्या गार्चिंगच्या सपाट शेतांकडे, पण नजर त्या शेतांच्या कितीतरी पलीकडे गेलेली. मी म्हणायचो, "अहो, रोजा वेळेवर सोडायचा असतो. ताटकळण्यात काही सवाब नाही, पुण्य नाही." ते म्हणायचे, "दोन मिनिटं, चाचा. कोणीतरी जेवून उठू दे." मग फोन हातात थरथरायचा, ते "वसल" एवढाच शब्द बोलायचे आणि खजूर तोंडात टाकायचे.

वसल म्हणजे पोचलं, मिळालं. हा त्यांचा लाडका शब्द होता. चहा पुढे ठेवला, वसल. सलाम केला, वसल. मी रागावून काही बोललो, तरी आधी वसल आणि मग उत्तर. त्यांच्या कामात तसा रिवाजच होता. हाक आली की पहिल्यांदा पोच द्यायची, उत्तर सुचो न सुचो. "संकटातल्या माणसाला मदत उशिरा मिळाली तर तो सोसतो," ते सांगायचे, "पण आपली हाक कोणी ऐकली की नाही हेच कळलं नाही, तर तो तिथेच खचतो." मी उभी हयात जहाजावर खलाशी म्हणून काढली. मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं.

त्यांचं खरं नाव लांबलचक होतं, त्यात बाप, आजा, टोळी, सगळे बसलेले. आमच्या कोकणात माणूस जिथला असेल तिथला 'कर' होतो, म्हणून मी त्यांना मस्कतकर म्हणू लागलो. खरं तर ते ओमानच्या सूर गावचे. मस्कतला त्यांचं ऑफिस. पण एकदा पडलेलं नाव मी बदलत नाही. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण फोनवर ते माझ्या सुनेला "मैं मस्कतकर बोल रहा हूँ" असंच सांगायचे. आमचं बोलणं गलबतावरच्या हिंदीत चालायचं, त्यात थोडी अरबी, थोडी खलाश्यांची इंग्रजी. इथे ते मी मराठीत लिहितो, नाहीतर कोणाला काही उमगायचं नाही.

ओळख झाली ती सुकटीमुळे. बायको गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. मी आलो नाही, मला आणलं, हा फरक मी मुलाला अजून ऐकवतो. तो इथल्या एका संस्थेत संशोधक. येताना मी दाभोळच्या खाडीवरची सुकट आणली होती. तिला ऊन दाखवावं म्हणून बाल्कनीत पसरली, तर तासाभरात इमारतीची देखरेख करणारा हाउसमाइस्टर दारात. त्याच्यामागे आणखी एक माणूस उभा, डोक्यावर नक्षीची गोल टोपी, वय पन्नाशीच्या पुढे. मला वाटलं, ही दुसरी तक्रार. हाउसमाइस्टर जर्मनमध्ये बराच वेळ बोलला. तो गेल्यावर टोपीवाला म्हणाला, "मी वर राहतो, चाचा. हा वास माझ्या घरचा आहे. मूठभर मिळेल का?" मी म्हटलं, "मूठभर नाही मिळणार, आत येऊन जेवावं लागेल." ते आले, आणि पुढे जवळजवळ रोजच येत राहिले.

ते इथे काय करतात हे मला समजायला बरेच दिवस लागले. एखाद्या देशातल्या दवाखान्याचे, बंदराचे, विजेच्या कंपनीचे कॉम्प्युटर बाहेरचे चोर घुसून बंद पाडतात, कुलूप घालतात म्हणा ना. अशा वेळी धावून जाणारी माणसं प्रत्येक देशात असतात. मुसलमान देशांतल्या अशा माणसांनी मिळून एक साखळी केली होती. कोणावरही प्रसंग आला की बाकीच्यांनी धावायचं. कोणाकडे त्या कुलपाची किल्ली आधीपासून असते, कोणाला चोराची चाल ठाऊक असते. पण कोणी कोणाला, कधी, कसं हाकारायचं याचे नियम नीट बसवलेले नव्हते. ते बसवायला मस्कतकरांना इथल्या संस्थेने दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. आणि या साखळीचा मधला फोन, म्हणजे सगळ्या देशांची हाक जिथे आधी पोचते तो फोन, त्यांच्या देखरेखीखाली होता.

"आणि यातले काही देश तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत," मी एकदा म्हटलं.

"मंत्री बघत नाहीत," ते म्हणाले. "आमची पोरं बघतात. चाचा, बंदरात एका लाकडी गलबताला आग लागली तर शेजारचा बादली घेऊन धावतो की आधी विचारतो, तुझा झेंडा कोणता?"

"धावतो. नाहीतर त्याचंही जळेल."

"गेनाऊ," ते म्हणाले. 'अगदी बरोबर' म्हणायचा हा जर्मन शब्द त्यांनी इथे येऊन उचलला होता. "पहिल्या तासात चूक कोणाची हे विचारायचं नाही, हा माझा पहिला नियम."

दुसरा नियम त्यांनी माझ्या सुनेच्या मसाल्याच्या डब्यातून समजावला. ती भाजी फोडणीला टाकायच्या तयारीत होती आणि यांनी डब्यातल्या सगळ्या वाट्या काढून टेबलावर उजवीकडून डावीकडे ओळीने मांडल्या. हळद इंडोनेशिया, मोहरी मलेशिया, मग बांगलादेश, पाकिस्तान, ओमान, इजिप्त, आणि डाव्या टोकाला मिठाची वाटी, ती मोरोक्को. मग त्यांनी तळहात आडवा धरून हळदीवरून मिठाकडे हळूहळू नेला. "ही संध्याकाळ," म्हणाले. "रमझानमध्ये ती अशी येते. हळदीचा रोजा आधी सुटतो. मग मोहरीचा. आमचा नियम असा, की जो जेवून उठला त्याने पश्चिमेकडच्या शेजाऱ्याचा फोन घ्यायचा. शेजारी निवांत बसून रोजा सोडेल. तो उठला की त्याने पुढच्याचा घ्यायचा."

"भाईजान, मीठ द्या परत, भाजी करपतेय," सून म्हणाली.

"शबाना, ते मोरोक्को आहे. तिथे अजून ऊन आहे. दोन मिनिटं."

"आल्झो, मग मोरोक्कोशिवाय भाजी अळणी होईल."

ते हसले आणि त्यांनी वाटी दिली. पण माझ्या डोळ्यांपुढून तो आडवा हात जाईना. त्या दिवसापासून मी संध्याकाळी खिडकीशी बसलो की मला ती संध्याकाळ चालताना दिसायची. जी बंदरं मी तरणा असताना पाहिली होती, पेनांग, चितगाव, कराची, मस्कत, पोर्ट सैद, त्यांच्यावरून ती एकामागून एक सावलीसारखी जायची, खाली दिवे लागत जायचे, आणि प्रत्येक दिव्याखाली कोणीतरी तोंड पुसत म्हणायचं, आता तू बस, मी आहे. बाहेर गार्चिंगच्या शेतांवर धुकं उतरलेलं असायचं. त्या धुक्यातून ती संध्याकाळ आमच्या खिडकीपर्यंत यायची, मस्कतकरांच्या हातातला फोन थरथरायचा, आणि ते खजूर तोंडात टाकायचे. सून दिवा लावायची, तेव्हा मी परत खोलीत यायचो.

ईदचा नियम याहून गमतीचा होता. ईद चंद्रावर, आणि चंद्रावरून मुसलमानांचं एकमत कधी झालंय? एका देशात दिसतो, शेजारी दिसत नाही. कोणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानत नाही, कोणी हिशेबाने आधीच ठरवून मोकळा होतो. आमच्या खाडीवर एके वर्षी अलीकडच्या मोहल्ल्यात ईद आणि पलीकडच्या मोहल्ल्यात रोजा होता. मला तेव्हा फार शरम वाटली होती. मस्कतकरांना मी हे सांगितलं तर ते खूश झाले. "चाचा, सगळ्यांचं एकमत असतं तर आमच्या ईदला पहारा कोणी केला असता?"

म्हणजे नियम असा, की ज्यांची ईद उद्या, त्यांनी आज ईद असलेल्यांचा पहारा करायचा. दुसऱ्या दिवशी फेड. ज्यावरून मौलवी वर्षानुवर्षं भांडत आले, त्यालाच या माणसाने कामाला लावलं होतं. ओमानचा चंद्र बहुतेक वेळा एक दिवस मागे. म्हणून मोठ्या ईदला नाही तरी रमझानच्या ईदला मधला फोन ओमानकडे असायचा. मलेशियातले चिनी, इजिप्तमधले ख्रिस्ती असे लोकही या कामात होते, पण ते ईदच्या दिवशी आपापल्या देशाचा सगळा भार आधीच डोक्यावर घ्यायचे. त्यांच्यावर आणखी नको, असं मस्कतकरांचं म्हणणं. आणि कुठे काही फट राहिलीच तर तिथे ते स्वतः बसायचे. असं करता करता कित्येक ईदा त्यांनी घरी काढल्या नव्हत्या.

घरी आई होती. सूर गावात, समुद्राकडे तोंड असलेल्या घरात. तिचा नवराही खलाशी, तो पूर्वीच गेला. मस्कतकर तिला रोज आमच्या स्वयंपाकघरातून फोन लावायचे. काय जेवलास, थंडी किती, तो हिंदुस्थानी म्हातारा बरा आहे का, असं ती विचारायची. मी लांबून सलाम करायचो. तिला काचबिंदू होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या हिवाळ्यात ती मुलाला म्हणाली, "तुझं तोंड आता मला सावलीएवढं दिसतं. या ईदला ये. पुढच्या ईदला सावलीही राहायची नाही."

मस्कतकरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावरचा चहा ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती. मी म्हटलं, "जायचं. यात विचार कसला करता?"

"जातो, चाचा."

"तिकीट काढा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी माझ्यासमोर फोनवर तिकीट काढलं. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळचं विमान, सकाळी मस्कत, तिथून गाडीने सूर. त्यांचा हिशेब सरळ होता. बाकीच्यांची ईद पोचायच्या दिवशी होईल, ओमानची त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे मधला फोन ओमानची पोरं सांभाळतील, आणि आपण आदल्या दिवशीच घरी पोचून आईजवळ चंद्र बघू.

त्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो. सून म्हणाली, "अब्बा, तुम्ही परत एकटे कसे याल?" मी म्हटलं, "मी अर्धं जग एकटा फिरून आलोय, मला गार्चिंगची बस सापडणार नाही होय?" तिने डब्यात खजूर आणि भजी दिली. आम्ही बस घेतली, मग एस-बान, म्हणजे इथली लोकल. खिडकीबाहेर नांगरलेली जमीन, त्यावर पातळ धुकं, मधूनच एखादं चर्चचं टोक. मस्कतकर पोरासारखे खूश होते. आईसाठी त्यांनी जर्मन लोकरीची मऊ शाल घेतली होती. "दिसणार नाही तिला," म्हणाले, "पण हाताला कळेल."

विमानतळाच्या अलीकडच्याच स्टेशनावर त्यांचा फोन वाजला. मस्कतमध्ये तेव्हा सूर्य मावळून गेला होता. त्यांनी ऐकलं, "वसल" म्हणाले, मग दोन्ही हातांनी माझा हात धरला. "चाचा, चंद्र दिसला. ओमानला दिसला. उद्याच ईद. मी ईदच्या दिवशीच घरी पोचतोय."

मी त्यांना मिठी मारली. समोरच्या बाईने आमच्याकडे पाहून आपली बॅग जवळ ओढली. आणि त्या मिठीतच मला जाणवलं की त्यांचं अंग आखडलंय. ते मागे सरकले, खाली बसले. एकेका देशाचं नाव पुटपुटू लागले. इंडोनेशिया उद्या. मलेशिया उद्या. सौदी उद्या. ओमान उद्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या पहाऱ्याला कोणीच उरत नाही."

इतकी वर्षं चंद्राने त्यांना दगा दिला नव्हता. कुठे ना कुठे तो दडून बसायचा, आणि त्या दडण्यावर यांनी सगळी इमारत बांधली होती. मुसलमानांचं एकमत होईल हे त्यांनी गृहीतच धरलं नव्हतं.

"असू दे एक दिवस," मी म्हटलं.

"चाचा, चोरांकडे कॅलेंडर असतं. सगळे एकाच सकाळी नमाजाला उभे राहणार हे त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं."

"मग ओमानच्या पोरांना सांगा. तुम्ही वडीलधारे आहात त्यांचे."

"एकाला परवा मुलगी झालीय. दुसरा गावाकडे निघालाय. ईद सोड, असं मी कोणाला सांगणार नाही. हा नियमच आहे."

"कोणी केला?"

"मी."

आता उरला फक्त मोरोक्को. तिथला सूर्य सगळ्यांच्या शेवटी मावळतो, आमच्याही नंतर. तिथे चंद्र दिसला नाही तर त्यांचा उद्याही रोजा, आणि मग मधला फोन त्यांना घेता येईल. तिथल्या नईमा नावाच्या बाई हे काम बघायच्या. मस्कतकरांनी त्यांना कळवून ठेवलं. त्या म्हणाल्या, बातमी आली की लगेच फोन करते.

आम्ही विमानतळाच्या मोठ्या दालनात बाकावर बसलो. आमची वेळ झाली, तिथेच रोजा सोडला. भजी गार झाली होती. काचेबाहेर उजेड निळा झाला, मग राखाडी. विमानं दिवे लावून आवाज न करता सरकत होती, जणू काचेपलीकडे पाणी होतं आणि ती त्यात तरंगत होती. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा तो आडवा तळहात आला. संध्याकाळ आता समुद्र ओलांडून मोरोक्कोकडे निघाली होती. तिथे कुठल्या तरी टेकडीवर माणसं आकाशाकडे डोळे लावून उभी असतील. आयुष्यभर मी खाडीच्या धक्क्यावर उभा राहून चंद्र दिसावा म्हणून दुवा मागितली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तो दिसू नये म्हणून मागितली. थोडे ढग येऊ देत, म्हटलं. फक्त मोरोक्कोवर. एवढं तर करशील.

मस्कतकरही डोळे मिटून बसले होते. त्यांनी काय मागितलं ते मी विचारलं नाही.

विमानाची घोषणा झाली. आत जायची वेळ टळत चालली. ते उठले, दोन पावलं गेले, परत आले. मग फोन वाजला. नईमाबाईंचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला. आधी त्या मुबारक म्हणाल्या, म्हणजे तिथेही चंद्र दिसला होता. मला अरबी फारशी येत नाही, पण एवढं समजलं. नंतर त्या भराभर काहीतरी बोलू लागल्या आणि मस्कतकर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागले, "ला, ला, ला." नको, नको, नको.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"मी बसते, तू जा, म्हणतेय. तिची मुलं लहान आहेत, चाचा."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि जहाजावरच्या इंग्रजीत ओरडलो, "मॅडम, यू सिट. ही गो. मदर ब्लाइंड." पलीकडून त्या म्हणाल्या, "येस, येस, टेल हिम." मस्कतकरांनी फोन परत घेतला, हळूच त्यांना काहीतरी सांगितलं आणि बंद केला. मी त्यांना खूप बोललो. आईपेक्षा कुलूप मोठं का, म्हणालो. हा गर्व आहे तुमचा, म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "वसल" म्हणाले, आणि बॅग उचलून एस-बानच्या जिन्याकडे वळले.

ईदच्या सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात फोन आणि लॅपटॉप मांडून बसले होते. मी आणि मुलगा नमाजाला जाऊन आलो. सुनेने शीरखुर्मा त्यांच्यासमोर ठेवला. पहिला घोट घेतात न घेतात तोच हाक आली. एका लहानशा बेटांच्या देशातला दवाखाना होता. रोग्यांची सगळी माहिती, तपासण्या, औषधं, सगळ्याला कुलूप. तिथला एक तरुण डॉक्टर बोलत होता. "वसल," मस्कतकर म्हणाले, आणि त्यांनी साखळीला हाक घातली.

आणि लोक आले. मी अजून तो दिवस आठवतो तेव्हा मला आवाजच आठवतात. फोन टेबलावर उघडा होता आणि त्यातून प्रत्येक घरातली ईद आमच्या स्वयंपाकघरात येत होती. मलेशियातला एक पोरगा गावी जाताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बोलत होता, त्याच्यामागे पाखरं ओरडत होती. इस्तंबूलच्या बाईंकडे कपबश्या वाजत होत्या. ढाक्याकडून म्हाताऱ्या माणसांचं हसणं, कुठून तरी फटाके, नईमाबाईंकडे लहान मुलाचं रडणं. ज्या दोन देशांचे मंत्री एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांचे दोघे एकमेकांना भाई म्हणत होते आणि एक दुसऱ्याला सांगत होता, "आधी तुझं ताट संपव, तोवर मी बघतो." दुपार कलायच्या आत दवाखान्याचं काम राखीव प्रतीवरून पुन्हा सुरू झालं. कोणालाही इजा झाली नाही. डॉक्टर रडला.

सगळे गेले, नईमाबाई थांबल्या. त्या जे बोलल्या ते मस्कतकरांनी मला नंतर सांगितलं. "आज तू हाक घातलीस आणि सगळे ताटावरून उठून आले. काल विचारलं असतंस, तर तासतासभर वाटून नसता घेतला का त्यांनी पहारा? तुझ्या नियमात एकच भोक होतं, आणि तिथे दर वेळी तूच बसत होतास. म्हणून ते कोणाला दिसलं नाही."

त्यावर मस्कतकर वसलसुद्धा म्हणाले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी आईला फोन लावला. मी उठून जाऊ लागलो तर त्यांनी हाताने बसायला सांगितलं. ती म्हणाली, "तुझा बापही ईदला घरी नसायचा. पण तो समुद्राला बोल लावायचा. तू कोणाला लावतोस?" ते म्हणाले, "मला, आई." मग त्यांनी विचारलं, "ईद कशी झाली?" ती म्हणाली, "कुठली ईद? गावात झाली असेल. माझ्याकडे अजून चंद्र दिसलेला नाही."

आठवडाभराने ते सूरला गेले. त्याआधी नवा नियम बसवून गेले. ज्या वर्षी सगळ्यांचा चंद्र एक, त्या वर्षी मधला फोन वाटून घ्यायचा, प्रत्येकाने तासभर, आणि यादीत त्यांचं नाव इतरांसारखंच एकदा. या वेळी मी विमानतळावर गेलो नाही. दारातूनच म्हटलं, "लवकर या, सुकट संपत आलीय." ते म्हणाले, "येताना सूरची आणतो, मग कळेल तुमच्या दाभोळची काय लायकी आहे." मी म्हटलं, "आणा तर खरं." हे आमचं शेवटचं समोरासमोरचं बोलणं. तिकडे त्यांच्या सरकारने पहाऱ्याचं सगळं काम त्यांच्यावर सोपवलं आणि त्यांना मस्कतलाच ठेवून घेतलं. वरच्या घरात आता दुसरे भाडेकरू आहेत, सज्जन आहेत, जिन्यात भेटले की ग्र्युस गॉट म्हणतात, हा इकडचा नमस्कार. माझं वय बघता आता आमची भेट होईल असं मी धरत नाही, आणि त्याबद्दल रडतही नाही. रमझानमध्ये ते फोन करतात. मी अजूनही त्यांच्याशी भांडतो.

घरी पोचले त्या दिवसाचं मात्र त्यांनी मला एकदाच सांगितलं. ईद होऊन आठवडा उलटला होता. गल्लीत नवे कपडे कधीच घड्या करून पेटीत गेले होते, माणसं रोजच्या मळक्या कपड्यांत जाळी ओढत होती, शाळा सुरू झाली होती. भर दुपारी हे गाडीतून उतरले, तर त्या सगळ्या गल्लीत एकच म्हातारी नवे कपडे घालून, हाताला मेंदी लावून, अत्तर लावून उंबऱ्यावर बसलेली. शेजारच्या बायका म्हणाल्या, आठवडाभर रोज अशीच बसते, ऐकत नाही. हे तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. तिने दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं, कपाळ, भुवया, नाक, दाढी, सगळ्यावरून सावकाश बोटं फिरवली. मग आतल्या बायकांकडे मान वळवून म्हणाली, "दिसला. भात टाका."